न पेटलेल्या गॅसचे बिल

आमच्या सोसायटीत 2022 मध्ये पाइपगॅसची जोडणी झाली. ओट्याजवळ पाइप आणि मीटर बसवून माणसे गेली ती गेलीच. गॅस सुरू करायला कोणी फिरकले नाही. आम्ही आजही सिलिंडरवरच. मीटरवर सगळी शून्ये जशीच्या तशी, वर फोडणीच्या तेलाचा थर तेवढा वाढलाय. किमान आकाराचे बिल मात्र न चुकता येते! मीटर काढा आणि अनामत परत द्या म्हटले, तर थकबाकीसाठी वकिलाची नोटीस आली. 'भरून टाका, कटकट नको,' असे शेजारी म्हणाले. (त्यांनी भरलेही.) मी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षांची, ती चुकवू नये. पहिल्या तारखेला कंपनीचा माणूस म्हणाला, 'वापर केला नाही, हा तुमचा प्रश्न.' व्हॉल्व्हला त्यांचेच सील अजून आहे, हे त्याला फोटोत दाखवावे लागले. पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे.

– एक ग्राहक