रीस्टार्ट म्हणजे तपासणी नव्हे

महोदय,

घरचे इंटरनेट बंद पडले की तक्रार केंद्राचे पहिले उत्तर ठरलेले असते : ‘राउटर बंद करून चालू करा.’ उपाय वाईट नाही, अडकलेले यंत्र त्याने सुटतेही. पण बिघाड कुठे आहे हे त्यातून कळत नाही. माझी सारी नोकरी टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करण्यात गेली. बिघाड घरात की घराबाहेर, हे ठरल्याशिवाय आम्ही पक्कडसुद्धा बाहेर काढत नसू.

फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशावर चालणाऱ्या, जोडणीत हे ठरवणे तर फारच सोपे आहे. फायबरची वायर घरात ज्या डब्याला येऊन मिळते, त्यावर ‘एलओएस’ (सिग्नल हरवला) लिहिलेला बारीक दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचतच नाही. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा. आमच्या शेजाऱ्यांकडे हेच झाले. माणूस आला, राउटर बदलून गेला, लाल दिवा तसाच. नंतर मी कपाट पुढे ओढायला लावले, तर मागे वायर भिंतीशी दाबली जाऊन काटकोनात मुडपली होती. आतली काच केसाएवढी. इतक्या तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. मोठा, सैल वळसा दिल्यावर लाल दिवा विझला आणि कंपनीशी जोडणी जुळल्याचे सांगणारा ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर झाला. (वायर सुटून आली असेल तर तिच्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो लेसरचाच.)

‘पॉन’ स्थिर आहे, तरी व्हिडिओ अडखळतो? मग लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तिथे पुरेसा वेग मिळाला तर दोष वायफायचा. राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात कोंडणारे लोक वर कंपनीलाच शिव्या घालतात, त्याला काय म्हणावे! ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान खरा, पण भिंतींपुढे लवकर मान टाकतो. २.४ चा लांब पोहोचतो, पण शेजारपाजारचे वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गर्दी करतात. योजना मोठ्या वेगाची असून केबलवरही आकडा शंभर एमबीपीएसच्या आत अडला, तर आधी केबल बदलून पाहावी. तिच्यातल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली की बहुधा असेच होते.

हे सारे ग्राहकाने करावे, मान्य. पण कंपन्यांचे काय? ‘तक्रार निवारण झाले’ असा संदेश येतो, बिघाड काय होता हे कुणी सांगत नाही. घरी पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएम या एककात मोजली जाते. ती साधारण उणे २० च्या आसपास असली तर चिंता नाही. उणे २७ च्याही खाली घसरली तर जोडणी कधीही तुटू शकते. मीटर तंत्रज्ञाच्या खिशात असतो. तेवढा आकडा आणि बिघाडाचे कारण तक्रार बंद करतानाच्या संदेशात लिहावे, आणि डब्यावरच्या दिव्यांचा अर्थ सांगणारा मराठी कागद जोडणी देतानाच डब्याला चिकटवावा, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्रातून कंपन्यांपर्यंत पोहोचावी.

आपला,
एक निवृत्त लाइनमन