हवालदार काका, आमच्या आबांच्या घरासाठी तुम्ही जे केलंत

आदरणीय हवालदार काका,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी पाठवलं असतं, तर वाचून तुम्ही घडी घातली असती आणि "त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. पण आबा गेल्यावर आजींसाठी तुम्ही जे केलंत ते आमच्या आळीपुरतं राहू नये, असं मनापासून वाटतं.

आबा नात्याने माझे कुणी नव्हते. भिंतीला भिंत लागून घर, एवढंच. पण आमच्या आळीत वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा, आबा सगळ्यांचेच. १९६४ साली ते बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९८६ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मग थोडी जिरायत शेती, दोन म्हशी आणि पोरं. पहाटे साडेचारला त्यांच्या घरातला दिवा लागायचा. पाचला भरतीची तयारी करणारी मुलं पाटाच्या रस्त्यावर हजर. सोळाशे मीटर पळवायचे, मग बीमवर लटकून पुल-अप्स, मग नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. तो खड्डा त्यांनी स्वतः खणला होता आणि दर पावसाळ्यानंतर टेप लावून पुन्हा मोजायचे, कारण "भरतीत इंचाची सूट नसती". एक पैसा कुणाकडून घेतला नाही. त्यांच्या हाताखालची मुलं आज फौजेत आहेत, पोलिसात आहेत, एक जण सीआरपीएफमध्ये आहे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मुलींच्या घरी जाऊन बापांना समजवायलाही तेच.

आम्ही मुली साताऱ्याला कॉलेजला जायचो तेव्हा पहिली एसटी अंधारातच असायची. थंडीच्या दिवसांत तर फाट्यावर चिटपाखरूही नसे. आबा बॅटरी घेऊन उभे असायचे. गाडी आली की चढलेल्या मुली मोजायचे, कंडक्टरला "सगळ्या हायेत" असं सांगायचे आणि मगच मागं फिरायचे. माझ्या आईवडिलांनी मला निर्धास्तपणे शिकायला पाठवलं, त्यात या बॅटरीचा वाटा मोठा आहे.

सातारा जिल्ह्यात फौजी घर ही नवलाई नाही. अपशिंग्याला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. अशा मुलखात फौजी माणूस इतका रोजचा असतो, की त्याने नोकरीत काय पाहिलं हे कुणी खोदून विचारत नाही, आणि आबा आपणहून सांगणाऱ्यातले नव्हते. १६ डिसेंबरला सकाळी आंघोळ करून कोटावर मेडल लावायचे, महाराजांच्या फोटोला हार घालायचे आणि आळीत कंदी पेढे वाटायचे. कशाचे पेढे विचारलं तर "आमच्या पलटणीचं काम झालं हुतं त्या दिवशी" एवढंच उत्तर.

ते गेले आणि महिन्याभरात आजींच्या पुढ्यात कागदांचा डोंगर उभा राहिला. आबांची पेन्शन थांबली, ती थांबणारच होती. पण फॅमिली पेन्शन सुरू होईना. आजींचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं नाव वेगळं. पलटणीच्या रेकॉर्डला सासरचं नाव, आधार कार्डावर शाळेच्या दाखल्यावरून आलेलं माहेरचं. जन्मसालातही फरक. त्यात आबांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, जुना, फॅमिली पेन्शनसाठी बायकोचं नाव त्यावर चढलेलंच नव्हतं. एका खिडकीवर आजींना सांगितलं गेलं, की ही बाई तीच हे सिद्ध करा. साठ वर्षं संसार केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. दुसऱ्या एकाने "काम करून देतो" म्हणत मोठी रक्कम मागितली. आजींना साखरेची औषधं ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मिळायची, तिथंही आता त्यांच्या नावाचे नवे कागद लागणार होते. पैशापेक्षा त्या प्रश्नानेच त्या खचल्या होत्या.

आणि मग तुम्ही आलात. कुणीतरी तुम्हाला फोन केला होता, एवढंच मला माहीत आहे. पलटणीत क्लार्क म्हणून हयात घालवलेला माणूस, स्कूटर दारात लावून आत आलात आणि बसायच्या आधी आजींना म्हणालात, "वहिनी, हे तुमच्या हक्काचं आहे. कुणापुढं हात जोडायचे नाहीत." त्या दिवसापासून आजी ताठ बसायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुम्ही पहिल्यांदा काय मागितलंत, तर डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. ट्रंकेच्या तळातून ते निघालं. दुसऱ्या कुणी त्यातलं हवं ते पान बघून मिटलं असतं. तुम्ही ते पहिल्या पानापासून आजींना वाचून दाखवलंत. भरतीची तारीख, उंची, छातीचं माप, अंगावरची खूण, केलेले कोर्स, चारित्र्याच्या रकान्यातला "एक्झम्प्लरी" हा शेरा आणि त्याचा अर्थ. मग मेडलांची ओळ आली. रक्षा मेडल, पूर्वी स्टार, संग्राम मेडल. पूर्वी स्टारवर, म्हणजे एकाहत्तरच्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांच्या मेडलवर, तुम्ही थांबलात आणि विचारलंत, "वहिनी, एकाहत्तरच्या डिसेंबरात काय आठवतंय?" आजी म्हणाल्या, "पत्रं बंद झाली हुती. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवलं हुतं."

मग तुम्ही सांगितलंत. आबांची पलटण म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १७६८ सालची, जिला सगळे जंगी पलटण म्हणतात, ती तेव्हा पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जमालपूरच्या मोहिमेवर होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण शहराच्या पाठीमागे उतरली आणि तिने ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर समोरच्या पाकिस्तानी बलुच रेजिमेंटच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज अंधारात वेढा फोडून निघाली, ती थेट मराठ्यांच्या मोर्चावर आली. रात्रभर लढाई चालली. सकाळी जमालपूर पडलं. लगेच पलटण पुढं निघाली आणि दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, टांगाईलजवळ पुंगली पुलाशी छत्रीने उतरलेल्या आपल्या पॅरा बटालियनला जाऊन मिळाली. तीही मूळची मराठ्यांचीच बटालियन. ढाक्याचा रस्ता असा मोकळा झाला आणि १६ डिसेंबरला तिथली पाकिस्तानी फौज शरण आली.

दारात तोवर आळीतली पोरं जमली होती. ज्या माणसाने त्यांना पहाटे पळवलं, तो त्या रात्री त्या मोर्चावर होता, हे त्यांना तुमच्याकडून कळलं. आजी मध्येच म्हणाल्या, "म्हणूनच थंडीत मध्यान रातीला उठून बसायचे." पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही. काका, आबांच्या पेन्शनचं काम दुसऱ्या कुणी केलंही असतं कदाचित. हे दुसऱ्या कुणी केलं नसतं.

बाकीची धावपळ तर तुम्ही अशी केलीत जणू घरचं लग्न आहे. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, ग्रामपंचायतीचे दाखले, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या सह्या. मग बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, तिथून नोंद बदलल्याची पार्ट टू ऑर्डर आणि शेवटी प्रयागराजहून आजींच्या नावाचा नवा पीपीओ. कुठला कागद कुठं अडकला हे तुम्हाला तोंडपाठ. प्रत्येक वेळी फोन करून आजींना सांगायचात, काम पुढं सरकलं नसेल तरी. झेरॉक्सचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. आजींनी शेंगदाण्याची पोळी बांधून दिली तेवढी घेतलीत.

आता पेन्शन दर महिन्याला खात्यात येते. थकबाकीही आली. ईसीएचएसचं कार्ड झालं, औषधं सुरू आहेत. आजींनी पहिल्या पैशातून काय केलं, ते तुम्हाला सांगितलेलं नाही: भरतीच्या पोरांसाठी नवा बीम बसवून घेतला. जुना गंजला होता.

तुम्ही मला एक काम सांगून गेलात, ते इथंच करते. ज्यांच्या घरी पेन्शनर फौजी आहेत त्यांनी आजच ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओवरचं बायकोचं नाव, जन्मतारीख आधारशी ताडून बघा. जॉइंट फोटो, जॉइंट खातं आहे का पाहा. फरक असेल तर माणूस हयात असतानाच दुरुस्ती करून घ्या, त्याच्या सहीने जे काम सोपं होतं ते मागे राहिलेल्या बाईला फार जड जातं. आणि पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आमच्या आळीत मी घरोघरी जाऊन हे बघितलं. आणखी दोन घरांत नावाचा घोळ निघाला, दोघांचेही अर्ज गेले आहेत. अर्जाचा मसुदा तुमचाच वापरला, रागावू नका.

नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मी मोबाइलवर चेहरा दाखवून भरून देणार आहे, त्यासाठी तुम्ही येण्याची गरज नाही. पण १६ डिसेंबरला मात्र यायचंच. आजींनी कंदी पेढ्यांची ऑर्डर आत्ताच सांगून ठेवली आहे. पोरांना पुंगली पुलाची गोष्ट नीट ऐकायची आहे, आणि काकूंनाही सोबत आणायचं असा आजींचा हुकूम आहे.

आपली,
आबांच्या शेजारची