जुन्या अंकांच्या शोधात शब्दांतले अंतर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने अंक स्कॅन करून वाचकांना शोधासाठी खुले करणाऱ्या दैनिकांनी आणि ग्रंथालयांनी शब्दांतल्या अंतराचे सेटिंग आधी तपासावे, म्हणून हे पत्र.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. ती बातमी काढायला कुणी ‘लातूर पाणी रेल्वे’ असे टाइप केले आणि इंडेक्समध्ये (शोधासाठी बांधलेल्या शब्दसूचीत) अख्खे पान हा एकच दस्तऐवज असला, तर लातूर बाजार समितीचे भाव, दुसऱ्या गावची पाणीटंचाई आणि रेल्वे भरतीची जाहिरात असलेले पानही जुळते. तिन्ही शब्द सापडले, बातमी नाही. शब्द किती वेळा आले एवढ्यावरच क्रम लागत असेल तर असे पान खऱ्या बातमीच्याही वर बसते.

मेलीसर्च या शोधप्रणालीत यासाठी ‘बाय वर्ड’ आणि ‘बाय अ‍ॅट्रिब्यूट’ असे दोन पर्याय आहेत. पहिला शब्दांतले अंतर मोजतो. दुसरा पर्याय शब्द एकाच रकान्यात (नोंदीच्या मथळा, मजकूर अशा एका भागात) आहेत का, एवढेच पाहतो. इंडेक्स लवकर बांधला जातो म्हणून तो निवडला जातो. मथळ्यासारख्या लहान मजकुराला तो चालेलही, पानभर मजकुराला नाही. इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या शोधप्रणालीच्या ‘मॅच फ्रेज’मध्ये (शब्दसमूहाच्या शोधात) ‘स्लॉप’, म्हणजे शब्द जागेवरून किती हललेले चालतील तो आकडा, मुळात ० असतो, म्हणजे शब्द त्याच क्रमाने आणि लगोलग हवेत. ‘लातूर पाणी रेल्वे’शी ताडले तर, प्रत्यय सोडून, ‘लातूरला रेल्वेने पाणी’ यात शेवटच्या दोन शब्दांची अदलाबदल आहे. ती चालवून घ्यायला स्लॉप किमान २ लागतो. मात्र अंतराची अट सक्तीची करू नये. सगळे शब्द असणे ही सक्ती (‘मस्ट’), जवळीक ही क्रमवारीतले गुण वाढवणारी ऐच्छिक अट (‘शुड’), तिथे स्लॉप २० ते ५०. अट सक्तीची केली की लांबलचक वाक्यातली खरी बातमी यादीतूनच गळते, आणि वाचकाला ती गळाल्याचे कळतही नाही.

हे सगळे मजकूर नीट असेल तरच. ओसीआरने (स्कॅनमधली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने) कॉलम सोडून ओळ आडवी वाचली की शेजारच्या बातमीतले शब्द खोटे शेजारी होतात. म्हणून आधी बातमीनिहाय कात्रणे करावीत. ते जमत नसेल तर प्रत्येक बातमी, अनेक मूल्ये ठेवता येणाऱ्या रकान्यात, वेगळे मूल्य म्हणून ठेवावी. इलॅस्टिकसर्च दोन मूल्यांमध्ये आपणहून १०० शब्दस्थानांची फट सोडतो, त्यामुळे दोन बातम्यांतले शब्द शेजारी ठरत नाहीत.

मराठीची अडचण आणखी वेगळी. ‘लातूर’ला ‘लातूरला’, ‘पाणी’ला ‘पाण्याची’ जुळत नाही; प्रत्यय आणि सामान्यरूप हाताळल्याशिवाय अंतर मोजायला शब्दच हाती लागत नाहीत. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो, नुक्त्याच्या ऱ ने किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाला निराळे. इंडेक्स बांधतानाच ते एकरूप करावेत.

नाव बदललेल्या शहरांत उस्मानाबाद-धाराशिव ही जोडी सोपी, शब्दाला शब्द. ‘औरंगाबाद’ एक स्थान घेते, ‘छत्रपती संभाजीनगर’ दोन. हा समानार्थ इंडेक्समध्ये सरळ घातला तर ‘संभाजीनगर’ पुढच्या शब्दाच्या जागेवर बसते आणि तिथून अंतरे चुकतात. तो शोधाच्या वेळी, इलॅस्टिकसर्चच्या ‘सिनोनिम ग्राफ’ने (अनेक शब्दांचे समानार्थ सांभाळणाऱ्या फिल्टरने) जोडावा.

चाचणीसाठी ‘किल्लारी भूकंप’ शोधून पाहावे. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. ऑक्टोबर १९९३ च्या बातम्यांऐवजी हे दोन शब्द पानाच्या दोन टोकांना असलेला अंक पहिला आला, तर जवळीक मोजलीच जात नाही असे समजावे.

— ग्रंथालय संगणकीकरणाचे काम करणारे वाचक, नांदेड