मुसळ खेळ काय फोटोपुरता आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालची तुमची कार्निव्हलची पुरवणी बघितली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. पणजीतला किंग मोमो (कार्निव्हलचा राजा), चित्ररथ, बक्षिसांची यादी, सगळं पानभर रंगीत, आणि आपल्या गोव्यातल्याच चांदर गावच्या मुसळ खेळाचा कोपऱ्यात एक फोटो, खाली काय तर 'नृत्य सादर करताना कलाकार'. गावाचं नावसुद्धा नाही! अहो कलाकार कसले, ती तिथलीच ख्रिस्ती घरांतली माणसं आहेत, आजा-पणजाने मुसळ धरलं म्हणून हीपण धरतात.

पणजीची मिरवणूक १९६५ पासूनची, तीपण बघायला छान असते, माझा राग तिच्यावर नाही. पण चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंब राजांची राजधानी, आणि विजयनगरच्या हरिहराने चोळांना हरवलं त्याची आठवण म्हणून हा खेळ असं तिथले लोक सांगतात. धर्म बदलला, पोर्तुगीज आले नि गेले, तरी इंत्रुजाच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, सोमवारी रात्री धोतर नेसून, पायात घुंगरू बांधून घरोघर मुसळं जमिनीवर आपटत कोकणीत गायचं त्यांनी सोडलेलं नाही. ह्याला दोन ओळी जागा नाही तुमच्याकडे?

मागे एकदा चांदरला मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा एक कॅमेरावाले आलेले. खेळ ऐन रंगात, आणि हे मधे घुसून म्हणतात थांबा, लाईट नीट पडली नाही, परत एकदा इकडे तोंड करून करा. गाणं अर्ध्यावर तुटलं, पोरं गोंधळली, पुढच्या घरची माणसं दारात ताटकळत. पुढे एक म्हातारे काका होते, ते एक शब्द बोलले नाहीत, मुसळ दोनदा जोरात आपटलं आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं, पाठ कॅमेऱ्याकडे. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं. देवळात आरती चालू असताना भटजींना कोणी असं थांबवेल का?

तेव्हा पुढच्या वर्षी रिपोर्टर पाठवा, पण खेळ संपेपर्यंत थांबणारा पाठवा, आणि गाणी कोण कोणाला शिकवतं, पोरं अजून येतात का, हे त्या लोकांनाच विचारून छापा.

आणि हो, कार्निव्हलच्या शनिवारी मिरवणुकीमुळे पणजीत रस्ते बंद असतात तेव्हा मडगावच्या बसेस कुठून सुटणार ते आदल्या दिवशी पहिल्या पानावर द्या, यंदा म्हातारी माणसं उन्हात विचारत फिरत होती.

आपली,
एक नियमित वाचक, मडगाव