आधी एक फेरी मार

प्रिय पप्पा, आई आणि बंटी,

प्रभू येशूच्या नावात सगळ्यांना सलाम.

फोनवर आपलं नीट बोलणं होतच नाही, आई जेवलीस का विचारते, पप्पा मागून म्हणतात आवाज तुटतोय, आणि बंटी फोन घेऊन गॅलरीत निघून जातो, म्हणून म्हटलं यावेळी लिहूनच काढते. बंटी, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ह्याची प्रिंट काढून पप्पांना दे, मोठ्या अक्षरात, मोबाईलवर वाचलं की त्यांचे डोळे दुखतात. आणि तू पण पूर्ण वाच, कारण अर्धं पत्र तुझ्यासाठीच आहे.

इथे डब्लिनला मला वॉर्डची क्लिनिकल नर्स मॅनेजर केलं, म्हणजे आपल्याकडची सिस्टर इन्चार्ज, ते तुम्हाला माहितीच आहे. आईने भायखळ्याला चर्चमध्ये आभाराची प्रार्थना करायला लावली, महिला मंडळाला चहा-केक दिला, ते ऐकून मला खूप भरून आलं होतं. पण नंतर पहिल्या महिन्यात काय झालं ते मी कोणालाच सांगितलं नाही, आज सांगते.

आमच्या वॉर्डात सगळे म्हातारे पेशंट आहेत, बरेचसे अंथरुणाला खिळलेले. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायला लागते, नाहीतर टाचेला, माकडहाडाला बेडसोर, म्हणजे दाबामुळे जखमा, होतात. मी आल्या आल्या रात्रपाळीचा तक्ता बदलला, कोणी कुठल्या बाजूला, कोणाचा ब्रेक किती वाजता, सगळं घरी बसून कॉम्प्युटरवर केलं, रंगबिरंगी केलं, आणि भिंतीला लावलं. इथे हेल्थकेअर असिस्टंट असतात, आपल्या हॉस्पिटलात आपण ज्यांना मावशी म्हणतो त्या, त्यातली एक फिलिपिनो बाई माझ्या आधी कितीतरी वर्षांपासून ह्याच वॉर्डात आहे, ती मीटिंगमध्ये काहीतरी बोलायला लागली होती, मी म्हटलं आपण नंतर बोलू. ते नंतर काही आलंच नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी पाळी बदलतानाच्या हॅन्डओव्हरला कळलं की एका आजोबांच्या टाचेवर लाल झालंय. मी जाऊन बघितलं. लाल जागा बोटाने दाबली की क्षणभर पांढरी पडते आणि मग परत लाल होते, तसं झालं तर ठीक असतं. मी दाबलं, बोट उचललं, ती जागा लालच होती, जराही पांढरी झाली नाही. म्हणजे सुरुवात झाली होती. मला इतका राग आला की मी सगळ्यांसमोर त्या बाईला विचारलं, रात्री ह्या बाजूला तूच होतीस ना? ती काहीच बोलली नाही, खाली बघत राहिली आणि हातातले ग्लव्हज काढून डब्यात टाकले. मी इन्सिडेंटचा फॉर्म भरला आणि घरी आले, पण जेवण काही गेलं नाही. तिचं ते खाली बघणं डोळ्यांसमोरून जाईना.

त्या रात्री मी पवित्र शास्त्र उघडलं ते नहेम्याच्या पुस्तकावर, कारण इथल्या आमच्या बायबल स्टडीत तेच चालू होतं. पप्पा, तुम्ही आम्हाला संडे स्कूलमध्ये नहेम्या शिकवला होता, 52 दिवसांत यरुशलेमचा कोट बांधला एवढंच आम्हाला पाठ होतं. पण ह्यावेळी माझं लक्ष दुसऱ्या अध्यायावर अडकलं. तो पारसच्या शूशन शहराहून राजाची पत्रं घेऊन येतो, अधिकारी म्हणून येतो, लाकूड मिळायची परवानगी, घोडेस्वार, सगळं बरोबर असतं, आणि येऊन काय करतो? तीन दिवस कोणालाच काही सांगत नाही. मग रात्री उठतो, थोडी माणसं घेतो, स्वतःच्या बुडाखालचं एकच जनावर, आणि पडक्या कोटाच्या कडेकडेने फिरतो, खोरेवेशीतून बाहेर पडून उकिरडा वेशीकडे, आणि एका जागी तर इतका राडारोडा पडलेला असतो की जनावराला पुढे जायला वाटच राहत नाही. तरी तो ओढ्याच्या बाजूने वर चढत जातो आणि कोट बघत राहतो. एवढं सगळं डोळ्यांनी बघून झाल्यावरच तो लोकांना म्हणतो, चला, बांधूया. मी मात्र आधी चला म्हटलं होतं, बघितलं काहीच नव्हतं.

मग मी दोन रात्री स्वतः ड्युटी लावून घेतली. काही जाहीर केलं नाही, फक्त त्या बाईला म्हटलं, आज मी तुझ्याबरोबर आहे, तू सांगशील तसं करते. रात्री दोन वाजता आम्ही कूस बदलायला निघालो. माणूस सरकवायला एक गुळगुळीत शीट लागते, स्लाइड शीट, ती नसेल तर कातडी चादरीवर घासली जाते. ती शीट ठेवलेली कुठे, तर कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाच्या स्टोअररूममध्ये. माझ्या तक्त्यामुळे दुसरी मावशी त्याच वेळेला ब्रेकला गेलेली. म्हणजे ही एकटी तिकडे जाणार, शीट आणणार, तेवढ्यात दुसऱ्या बेडची बेल वाजणार, तिकडे धावणार, आणि कूस बदलायला दोघी लागतात म्हणून एका नर्सला शोधत फिरणार. त्या आजोबांचा बेड ह्या सगळ्यात शेवटचा यायचा. मी चपला-बूट झिजवणारी ती फेरी तिच्याबरोबर चालले तेव्हा मला कळलं की टाच लाल झाली ती तिच्या आळसाने नाही, माझ्या तक्त्याने झाली.

उपाय अगदी साधा होता. जुनं एक कपाट वॉर्डाच्या मधोमध आणलं, शीटा त्यात ठेवल्या, आणि ब्रेकच्या वेळा पुन्हा बदलल्या, ह्यावेळी तिने सांगितल्या तशा. आजोबांच्या पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवत गेलो, काही दिवसांनी बरी झाली, देवाची कृपा. आणि मी सकाळच्या हॅन्डओव्हरला, जिथे तिला बोलले होते तिथेच, त्याच सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. केबिनमध्ये बोलावून गुपचूप सॉरी म्हणणं सोपं होतं पण ते बरोबर नव्हतं. तिने माझा हात धरला, नुसता धरला, आणि मग ती ट्रॉली घेऊन निघून गेली.

पप्पा, मला तेव्हा तुम्ही आठवलात. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपला तुम्ही चार्जमन होतात तेव्हा सायरनच्या आधी अर्धा तास जायचात, आई चिडायची की एवढ्या लवकर डबा कसा करू. एकदा वर्कशॉप बघायला आम्हाला नेलं होतं, मी चौथीत असेन, एक म्हातारा खलाशी, म्हणजे वर्कशॉपचा कामगार, हातोडी घेऊन चाकावर ठोकून ऐकत होता आणि तुम्ही त्याच्या बाजूला कान देऊन उभे होतात. मी विचारलं, तुम्ही साहेब ना, मग त्यांना का विचारता? तुम्ही म्हणालात, चाक रोज तो ठोकतो, मी नाही. मला तेव्हा काही कळलं नव्हतं. शलमोन राजाने देवाकडे शहाणपण मागितलं ना, आमच्या पाळकांनी सांगितलं की मूळ इब्री शब्द बघितले तर तो ऐकणारं अंतःकरण मागतोय. मला एकदम ती हातोडी आठवली.

आता बंटी, तुझं.

आई म्हणाली की तू राजीनामा द्यायचं म्हणतोयस, गोडाऊनचं काम म्हणजे नुसती खोकी मोजणं, त्यात देवाचं काय काम, त्यापेक्षा पुण्याला सेमिनरीत जातो आणि पूर्णवेळ सेवा करतो. आई रडते, पप्पा गप्प, आणि तुला वाटतं की घरचे देवाच्या आड येतायत. मी तुझ्या आड येत नाहीये, तुला खरंच देवाचं पाचारण, म्हणजे बोलावणं, असेल तर पहिल्या वर्षाची फी मी भरीन, हे लिहून देते. पण तू खोकी मोजण्यात देव नाही म्हणतोस ना, ते मला पटत नाही.

निर्गमच्या 31 व्या अध्यायात बसालेल आहे बघ. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलं असं पवित्र शास्त्रात ज्याच्याबद्दल पहिल्यांदा स्पष्ट म्हटलंय तो याजक नाहीये, संदेष्टा नाहीये, कारागीर आहे, सोनं-चांदी-पितळेचं, दगडाचं, लाकडाचं काम करणारा. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू शिवत होता. आणि आपला प्रभू सेवेला सुरुवात करायच्या आधी नासरेथात सुतारच होता, त्या वर्षांबद्दल लिहिलेलं फार नाही, पण ती वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही.

आठवतं, पप्पा आपल्याला दादरहून गाडीने केडगावला घेऊन गेले होते, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला? तू लहान होतास, तुला तिथली झाडंच आठवत असतील. रमाबाईंनी 1889 साली इथेच आपल्या मुंबईत, चौपाटीला, शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला गेलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणल्या, शेकड्यांनी आणल्या. त्यांनी त्या मुलींना नुसतं वचन शिकवलं नाही, विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं शिकवलं. स्वतः इब्री आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणलं आणि ते तिथल्याच बायकांनी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलं. 1921 ला मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबवलं नाही, 1922 ला स्वतः गेल्या. आता मला सांग, ह्यात सेवा कुठली आणि धान्याची पोती मोजणं कुठलं? एवढ्या मुली रोज जेवायच्या, म्हणजे कोणीतरी रोज ती पोती मोजतच असेल ना, आणि चुकली तर कोणीतरी उपाशी राहणार.

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायाला लोक कंटाळतात, नुसती नावं म्हणून. मी ह्यावेळी बोट ठेवून वाचली. सोनार आहेत, सुगंधी तेलं करणारे आहेत, शल्लूम म्हणून एक अधिकारी आहे त्याच्याबरोबर त्याच्या मुली कोट बांधतायत. तकोवा गावचे मोठे लोक मात्र कामाला मान वाकवत नाहीत, त्यांचं तेवढंच लिहून ठेवलंय, किती वाईट वाटतं वाचून. आणि पुन्हा पुन्हा काय येतं, अमक्याने आपल्या घरासमोरचा कोट बांधला, तमक्याने आपल्या खोलीसमोरचा.

तुझ्या घरासमोरचा कोट कुठला, बंटी? तुझ्या हाताखाली नऊ पोरं आहेत ना, तूच म्हणालास त्यातला एक रोज उशिरा येतो आणि तू त्याचा अर्धा दिवस कापतोस. तो कुठून येतो? कुठली लोकल पकडतो, घरी कोण आजारी आहे का? नीतिसूत्रांत म्हटलंय, आपल्या मेंढरांची स्थिती नीट जाणून घे. सेमिनरीतून शिकून पाळक होशील तेव्हा हेच करायचंय, मंडळीतल्या माणसाच्या दारात जाऊन बघायचंय. ते जर आज नऊ जणांबद्दल जमत नसेल तर तिथे दोनशे जणांबद्दल कसं जमेल? आणि जर जमलं, आणि तरीही मनात तेच पाचारण राहिलं, तर मग मला फोन कर, मी पप्पांशी बोलते.

माझं एवढंच मागणं आहे, महिनाभर राजीनामा देऊ नकोस. त्या पोरांबरोबर माल उतरवायला स्वतः उभा राहा, एक आठवडा रात्रपाळी घे, कोणाला काही जाहीर करू नकोस. नहेम्याने राजाला विचारायच्या आधी किती महिने रडून, उपास करून प्रार्थना केली बघ, किसलेव महिन्यात कोट पडल्याची बातमी कळली आणि निसानमध्ये, म्हणजे साधारण चार महिन्यांनी, तोंड उघडलं. तुला तर मी एकच महिना सांगते.

आई, तू रडू नकोस गं. तो वाईट मार्गाला नाही लागलाय, देवाच्या कामाचीच तहान आहे त्याला, ह्याबद्दल तर आभार मानायला हवेत. गुडघ्याला तेल लावून शेकतेस की नाही? कुरिअरने गुडघ्याचा पट्टा पाठवलाय, दोन साइज आहेत, जो बसेल तो ठेव, दुसरा शेजारच्या मावशींना दे. पाठवलेल्या पैशांतून आधी बाथरूमची गळती काढा, पावसाच्या आधी.

पप्पा, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. त्या खलाशांना चाकाला तडा गेलाय ते आवाजावरून नक्की कसं कळायचं? मला आवाजातला फरक सांगा. शनिवारी मला सुट्टी आहे, मी इथल्या दुपारी दोनला फोन करीन, म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा बंटीला घरी थांबायला सांगा आणि फोन गॅलरीत न्यायचा नाही, टेबलावर ठेवायचा, सगळ्यांनी बसायचं.

तुमची,
ताई