अपील फेटाळलं, पण ऐकलं कुठे?

संपादक महोदय,

हायकोर्टात दिवाणी अपील फेटाळलं म्हटलं की गावात लोकांना वाटतं माणूस खोटाच ठरला, पण कितीदा तर मुद्द्यांवर सुनावणीच झालेली नसते, वकील तारखेला हजर नव्हता किंवा अपील दाखल करायची ९० दिवसांची मुदत टळली म्हणून फाईल बंद होते. आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठात गडचिरोली, बुलढाण्याहून लोक येतात, त्यांना तारीख कळते ती वकिलाकडूनच. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्येच सांगितलंय ना! गैरहजेरीत फेटाळलेलं अपील ३० दिवसांत अर्ज करून, सबळ कारण दाखवून परत उघडता येतं, हे किती जणांना माहीत आहे? असा आदेश झाला की थेट पक्षकाराच्या मोबाईलवर मराठीत मेसेज गेलाच पाहिजे, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, नागपूर