शिला यांचे पदक आणि प्रशिक्षकाची खुर्ची

संपादक महोदय,

फेलिक्स लब्रँ याच्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदकापासून फ्रान्सच्या टेबल टेनिसवर बरेच छापून येते. त्यात पात्रिक शिला यांचे नाव आलेच, तर ‘माजी पदकविजेते, पुढे राष्ट्रीय पुरुष संघाचे प्रशिक्षक’ एवढ्यावर भागते. मोठा खेळाडू होता म्हणजे शिकवायला सोपे गेले असणार, असा वाचकाचा समज होतो. तो अर्धाच खरा आहे.

शिला आणि ज्याँ-फिलिप गासियाँ यांनी २००० साली सिडनीत पुरुष दुहेरीचे कांस्य मिळवले. गासियाँ १९९३ चे जगज्जेते आणि डावखुरे, तर शिला उजव्या हाताने खेळणारे. दुहेरीत या फरकाला फार किंमत आहे. सर्व्हिस तिरकी जाते आणि घेणाऱ्याच्या उजव्या अर्ध्यातच पडावी लागते. त्यामुळे डावखुरा खेळाडू टेबलाच्या उजव्या कडेबाहेर उभा राहून जवळजवळ प्रत्येक सर्व्हिस फोरहँडने घेऊ शकतो आणि जोडीदारासाठी डावीकडची जागा मोकळी राहते. दोघेही उजव्या हाताचे असले, की आळीपाळीने मारताना प्रत्येक फटक्यानंतर एकमेकांना वळसा घालत फिरावे लागते.

दुहेरीची जोडी बिघडते ती बहुधा पायांमुळे. फटका मारून खेळाडू सरळ मागे सरकतो. प्रतिस्पर्धी पुढचा चेंडू नेमका त्याच्याच अंगावर टाकतो आणि जोडीदाराला चेंडू दिसतो, पण तिथवर पोहोचता येत नाही. पाऊल आडवे, टेबलाच्या बाहेरच्या बाजूला पडले पाहिजे. ही समज चेंडू बदलला म्हणून जुनी होत नाही. शिला यांच्या अनुभवातले हे खरे भांडवल.

बाकीचे मात्र पुष्कळसे बदलले. सिडनीनंतर लगेच ३८ मिलिमीटरचा चेंडू जाऊन ४० चा आला, वजन अडीच ग्रॅमवरून २.७ झाले, वेग आणि फिरकी दोन्ही उतरले. २००१ मध्ये २१ गुणांचा गेम ११ वर आला, सलग पाच सर्व्हिसच्या जागी दोनच उरल्या. पाचांमध्ये दोन सारख्या दाखवून तिसरीने फसवता येत असे. दोनांत ती मांडणी बसत नाही, आणि सुरुवातीला चार गुण गेले तर गेम हातचा जातो. २००२ पासून सर्व्हिस लपवता येईना: चेंडू वर उडाला, की मोकळा हात चेंडू आणि नेट यांच्या मधून बाजूला न्यावाच लागतो. २००८ मध्ये स्पीड ग्लू, म्हणजे बॅटवर रबर चिकटवायचा खास गोंद, बंद झाला. सामन्याआधी ताजा ग्लू लावला, की त्यातल्या द्रावकाने रबराखालचा स्पंज फुगून ताणला जाई आणि छोट्या हालचालीतही चेंडू सुसाट सुटे. ग्लू गेल्यावर तोच फटका तोकडा पडतो. जोर पाय आणि कंबर यांतून काढावा लागतो. २०१४ पासून प्लास्टिकचा चेंडू आला, फिरकी आणखी घटली. ‘मी मारायचो तसा मार’ असे सांगणारा प्रशिक्षक अशा वेळी शिष्याचा चेंडू नेटमध्ये घालतो. शिला यांच्या पिढीला स्वतःचे फटके आधी मोडून पाहावे लागले, मग शिकवावे लागले. माझ्या मते हे काम पदक मिळवण्याइतकेच अवघड आहे.

खुर्चीत बसून बोलायलाही वेळ थोडाच मिळतो. दोन गेममध्ये एक मिनिट, पूर्ण सामन्यात एकच टाइमआउट, तोही जास्तीत जास्त एक मिनिटाचा. ऑक्टोबर २०१६ पासून रॅली सुरू नसताना सल्ला देता येतो, पण खेळ खोळंबता कामा नये. म्हणून दर सहा गुणांनंतरच्या टॉवेलच्या क्षणी दोन-तीन शब्दच कामाला येतात: ‘छोटी सर्व्हिस, मधोमध’ असे काही. त्या क्षणी पाच सूचना दिल्या, तर खेळाडू एकही पाळत नाही.

शिला यांनी ज्यात पदक मिळवले तो पुरुष दुहेरीचा प्रकार २००४ नंतर ऑलिंपिकमधून गेला. सांघिक लढतीत मात्र दुहेरी टिकली आणि टोकियोपासून लढत तिनेच सुरू होते. आपल्या क्रीडा पानावर सांघिक निकाल ‘३-२’ एवढाच छापला जातो. त्याखाली दुहेरीची जोडी, गेमनिहाय गुण आणि कोण कोणत्या हाताने खेळतो एवढे दिले, तरी खुर्चीतल्या माणसाने काय ठरवले होते ते वाचकाला कळेल.

– टेबल टेनिसचा एक प्रशिक्षक